मोटर बदलण्याआधी: बॅटरी पंपाची प्रश्नोत्तरे

मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की येणाऱ्या प्रश्नांत निम्मे पाठीवरच्या बॅटरी पंपाचे असतात. त्यातही बहुतेकांनी निदान स्वतःच करून ठेवलेलं असतं: मोटर गेली, आता कुठली घेऊ? या खेपेच्या पत्रांत मोटर खरोखर गेलेली एकाच ठिकाणी दिसते. बाकीच्यांनी पाकीट तूर्त खिशातच ठेवावं.

सोळा लिटरचा पंप, तिसरा हंगाम. दुसऱ्या टाकीपासून जोर कमी व्हायचा म्हणून नवी मोटर टाकली. दोन दिवस छान चालला, आता पुन्हा तेच रडगाणं. दुकानदाराने डुप्लिकेट मोटर दिली असेल का? (बागायतदार, देवगड)

दुकानदाराला इतक्यात बोल लावू नका. तुमच्या वर्णनावरून बॅटरी नाहीतर वायरिंग, बहुधा थोडं थोडं दोन्ही. साधा मल्टीमीटर आणा आणि दोन ठिकाणी मोजा.

रात्री चार्ज केलेली बॅटरी सकाळी, पंप सुरू न करता मोजा. १२.७ व्होल्टच्या आसपास हवी. मग टाकीत साधं पाणी भरून पंप चालू करा, गन उघडी ठेवा आणि बॅटरीच्या टोकांवर पुन्हा मोजा. चालू असताना आकडा थोडा उतरणारच. पण दहा-पंधरा मिनिटांत तो १०.५ च्या खाली आला, तर बॅटरी संपली. तिला रात्रभर चार्जिंगला लावून उपयोग नाही, कारण प्लेटांवर सल्फेट धरलेलं असतं. जून ते सप्टेंबर पंप पडवीत तसाच पडला होता ना? लेड-अॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत चार महिने ठेवली की हेच होतं. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा चार्ज करायची, एवढंच पथ्य.

आता दुसरं माप. पंप चालू ठेवूनच मोटरच्या दोन टोकांवर मोजा. बॅटरीपाशी १२ आणि मोटरपाशी ११ असेल, तर एक व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जातोय. लग, म्हणजे वायरच्या टोकाची जोडणीची टोपी, ओढून बघा. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या पंपाची पितळी लग हिरवी पडलेली असते, आणि वायरचं आवरण इंचभर सोललं तर आतली तांब्याची तार काळी निघते. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. तरीही काळीच निघत राहिली तर अख्खी वायर बदला. दीड एमएमची घ्या. नवी लग नीट दाबून बसवा, वर थोडं ग्रीस लावा. स्विचचंही असंच माप घ्या: चालू स्विचच्या दोन टोकांत व्होल्ट दिसायलाच नकोत.

नवी मोटर दोन दिवस छान का चालली? लगा काढून पुन्हा बसवताना त्या घासल्या गेल्या, म्हणून. जुनी मोटर टाकून दिली नसेल तर ती जपून ठेवा, चांगली असणार.

मोटर सलग चालत नाही. धक-धक करत बंद-चालू होत राहते. (गुहागर)

मोटर ठीक आहे. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो, दाब ठरावीक मर्यादेला गेला की तो मोटर बंद करतो आणि दाब उतरला की पुन्हा सुरू. नोझल काढून पंप चालवा. सलग चालला तर नोझल किंवा गनमधली जाळी चोंदली आहे. जाळी धुवा, पण नोझलच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. जुना दातांचा ब्रश पुरतो. नोझल स्वच्छ असूनही धक-धक थांबली नाही, तर प्रेशर स्विचचा स्क्रू पाव फेरा फिरवून फरक बघा. तो स्विच थेट जोडून टाकायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. ऐकू नका. गन बंद केली की मोटर अडून तापेल किंवा पाइप निसटून औषध अंगावर येईल.

आगरात दीडशे पोफळी आहेत. कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजतात तो) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारायचा तर चढणारा माणूस मिळत नाही. सध्याच्या पंपाला डबल मोटर बसवली तर जमिनीवरून घड गाठता येतील का? (श्रीवर्धन)

नाही. आणि का नाही ते नीट सांगतो, कारण डबल मोटर हा सध्या सगळ्यात जास्त विकला जाणारा गैरसमज आहे.

दोन मोटरी शेजारी-शेजारी बसवल्या की पाणी दुप्पट येतं, दाब दुप्पट होत नाही. दोन्ही पंप त्याच मर्यादेला बंद होतात. तुमच्या एका मोटरवर मिनिटाला चार लिटर लिहिलं असेल आणि एका साध्या नोझलला लागतं एक लिटरच्याही आत. म्हणजे आहे तीच मोटर गरजेपेक्षा जास्त पाणी देते. समजा दाब वाढवला, तरी नोझलमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: दाब दुप्पट केला तर पाणी जेमतेम १.४ पट. शिवाय नुसत्या दाबाने फवारा उंच जात नाही, थेंब बारीक होतात आणि खाडीवरून येणारा वारा ते शेजाऱ्याच्या आगरात नेतो.

उंचीचा हिशेब मात्र तुमच्या बाजूचा आहे. पाणी १० मीटर चढवायला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब खर्ची पडतो. तुमचे घड ५० फुटांवर असतील तर दीड किलो, वर लांब पाइपातलं घर्षण. आत्ताच्या मोटरचा दाब ४-५ किलो असेल तर वर पोहोचून अडीच-तीन उरतो, आणि एका नोझलला तेवढा चालतो. तेव्हा पैसे मोटरवर घालू नका. हलकी, एकात एक सरकणारी फायबरची काठी आणि चांगला पाइप घ्या, नोझल घडाजवळ न्या. काठी धरणारा आणि पंप सांभाळणारा अशी दोन माणसं लागतील. विजेच्या तारा जवळ असतील त्या पोफळी मात्र सोडून द्या, ओली काठी तारेला लागली तर माणूस जातो.

दुप्पट मोटरीचा खरा उपयोग एकाच वेळी दोन गन चालवायच्या असतील तर. पण मग करंटही दुप्पट. एक मोटर ३ अँपिअर घेत असेल तर दोन मिळून ६. बॅटरीवर लिहिलेले ८ एएच (अँपिअर-तास) हे २० तासांत सावकाश वापरले तर मिळतात. ६ अँपिअरने ओढल्यावर सव्वा तासाचा हिशेबही पुरा पडत नाही. आणि देवगडच्या जुन्या हापूसच्या कलमांना हे काहीच लागू नाही. तिथे इंजिनावरचा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा, पंपच लागतो.

फवारणीची वेळ तुम्हाला माहीत असेलच: एक पावसाच्या तोंडावर, दुसरी साधारण ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून.

बोर्डो मारल्यानंतर पंप धुवून ठेवला. आठवड्याने चालू केला तर मोटर फिरते, पाणी मात्र येत नाही. (वेंगुर्ले)

चुन्याचा कण व्हॉल्व्हच्या रबराखाली बसलाय. हातमोजे घाला, डोक्याचे स्क्रू काढा, तीन रबरी झडपा आणि त्यांच्या बैठका साध्या पाण्याने धुवा. कुठला भाग कसा बसला होता त्याचा उघडतानाच मोबाइलवर फोटो काढा. डायफ्रामला (आतल्या रबरी पडद्याला) चीर दिसली तर तो बदला. मोटर आणि डोकं यांच्या सांध्यातून थेंब गळत असतील तर पंप लगेच बंद करायचा, तेच पाणी बेअरिंगमधून मोटरमध्ये उतरतं.

पुढच्या वेळी चुन्याची निवळी फडक्यातून दोनदा गाळा. १ टक्का म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लोखंडी पात्याची परीक्षा बरेच जण टाळतात. मिश्रणात बुडवलेल्या पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी चुना घाला. नाहीतर ते पानं जाळतं आणि पंपातल्या बारीक स्प्रिंगाही खातं.

लिथियम बॅटरी बसवली तर मोटर जोरात चालेल का? (राजापूर)

पाठीवरचं ओझं हलकं होईल, तेवढ्यासाठी मी बसवेनही. पण सेल कुठले ते विचारा. फॉस्फेटचे चार सेल म्हणजे १२.८ व्होल्ट, हे योग्य. साधे लिथियम-आयनचे तीन सेल पूर्ण भरल्यावर १२.६ होतात आणि वापरताना ११ च्या आसपास राहतात, मोटर मंदावते. चार जोडले तर भरल्यावर १६.८: मोटर सुसाट पळेल आणि आतले कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) पण सुसाट झिजतील. बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, मोटरच्या करंटच्या तिपटीचा तरी घ्या, कारण सुरू होतानाचा झटका मोठा असतो आणि छोटा बीएमएस तिथेच ट्रिप होतो. जुना लेड-अॅसिडचा चार्जर या बॅटरीला लावू नका, ही तडजोडीची गोष्ट नाही. आग लागू शकते.

काका, मोटर चालत नाही, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकली की चालते. वडील म्हणतात अजून एक हंगाम काढू. (दापोली)

ही गेली. कार्बन झिजून आखूड झालेत, स्प्रिंग त्यांना कम्युटेटरपर्यंत (फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यापर्यंत) टेकवू शकत नाही. ठोकल्यावर क्षणभर टेकतात. मागचं झाकण पत्र्याचे कान वाकवून उघडता येतं, आत काळी भुकटी आणि खड्डे पडलेलं तांबं दिसेल. या मोटरींचे सुटे कार्बन सहसा मिळत नाहीत आणि जुळवून घालण्यात दिवस जातो. नवी घेताना व्होल्ट, करंट, शाफ्टची जाडी आणि स्क्रूंच्या भोकांतलं अंतर जुळवा. जुनी मोटर दुकानात घेऊनच जा. वायर उलटसुलट लागली तरी हा पंप पाणी फेकतो, त्याला फिरण्याची दिशा चालते. मात्र स्पीड कमी-जास्त करायचं सर्किट असेल तर उलट जोडणी त्याला जाळते, म्हणून लाल-काळं बघूनच जोडा. वडिलांना सांगा, ऐन मोहोरात ती ठोकूनही चालणार नाही.

जुन्या पंपाची मोटर होडीतलं पाणी उपसायला लावू का? (हर्णै)

नको. ती मिनिटाला चार लिटर उपसणार, तेही स्वच्छ पाणी असेल तर. होडीच्या तळातलं खवले-वाळूचं पाणी झडपांत पहिल्याच दिवशी अडकेल. होडीचा साधा छोटा पंपही ताशी ५०० गॅलनचा, म्हणजे मिनिटाला तीसेक लिटर काढतो आणि तो पाण्यात बुडूनच चालायला बनवलेला असतो. शिवाय फवारणीच्या मोटरचे कार्बन आत ठिणग्या टाकतात. बंदिस्त जागेत पेट्रोलचा कॅन असेल तर विचारच सोडा. फ्लोट स्विचवाला (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) पंप घ्या, बॅटरीपासून वेगळा फ्यूज घालून वायर ओढा आणि सगळे सांधे तळापासून वर, कोरड्या जागी ठेवा.