लोटस ४९: आधी तारीख ठरवा, मग किट उघडा

मॉडेलच्या एकाच किटवरून लोटसच्या ४९, ४९बी आणि ४९सी अशा तिन्ही फॉर्म्युला वन गाड्या करायच्यात, डेकल (रंग-नावांचे स्टिकर) आणि पंख बदलले की झालं ना, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यानं भागत नाही हो. मी याच समजुतीत एक मॉडेल वाया घालवलंय.

रंगावरून आवृत्ती ओळखायला गेलात की फसलात. १२ मे १९६८ ला स्पेनमधल्या हारामाला लोटसचा ड्रायव्हर ग्रॅहम हिल जिंकला ती गाडी प्रायोजक गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगातली, पण आतून-बाहेरून जुनी ४९, पंखबिंख काही नाही. बरोबर चौदा दिवसांनी मोनाकोला तोच रंग, तोच ड्रायव्हर, पण गाडी ४९बी: नाकाच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख आणि इंजिनावरचं आवरण पाचरीसारखं मागे वर चढत गेलेलं. मी हारामाच्या गाडीला मोनाकोचं नाक लावलं आणि वर कॉकपिटपाशी क्लार्कचं नाव चिकटवलं! हिलचा लोटसमधला सहकारी जिम क्लार्क ७ एप्रिललाच हॉकेनहाइमच्या शर्यतीत मरण पावला होता. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो ४९ मध्ये शेवटचा बसला १ जानेवारी १९६८ ला, दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला, आणि ती गाडी हिरवी-पिवळीच होती. लाल-पांढऱ्या ४९ मधला क्लार्क हवाच असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या टास्मान मालिकेतली अडीच लिटर इंजिनाची गाडी करा.

आता मापं. ४९बीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३ इंचांनी वाढला, पुढच्या सस्पेन्शनचे आर्म पुढे झुकवल्यामुळे. १/२० प्रमाणाच्या मॉडेलला हे ३.८ मिलिमीटर होतात, १/१२ ला सव्वासहाच्या वर. शेजारी दोन्ही मॉडेल ठेवली की कुणाच्याही डोळ्यात येतं. शिवाय झेडएफ गिअरबॉक्स जाऊन ह्युलँड आला आणि तेलाची टाकी नाकातून निघून गिअरबॉक्सवर जाऊन बसली. या गाडीत कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन हाच चासीचा मागचा भाग असल्यामुळे टब (ड्रायव्हर बसतो तो सांगाडा) सीटमागेच संपतो आणि त्यामागचं सगळं उघडं दिसतं. म्हणजे चुकलेला गिअरबॉक्स झाकायला जागाच नाही. ४९सीला पुढची चाकं १५ ऐवजी १३ इंची. तिथे नुसता टायर बदलून चालत नाही, रिमच वेगळी लागते.

पंखांचा इतिहास तर महिन्यामहिन्याला बदलतो. फ्रान्समधल्या रुआँला, जुलै १९६८ मध्ये, लोटसवर उंच पंख आला, तो थेट मागच्या अपराइटवर (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या भागावर) उभा. त्यामुळे त्याच्या काड्या बॉडीला चिकटवू नका, चाकाजवळून वर न्या. (मी पितळी नळी वापरतो, प्लास्टिकच्या काड्या महिन्याभरात वाकतात.) मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइकवर हिल आणि लोटसचाच योखेन रिंट दोघांचेही पंख मोडले, आणि पुढच्याच शर्यतीत, मोनाकोला, सराव सुरू असतानाच उंच पंखांवर बंदी आली. तिथे हिल जिंकला ती गाडी उंच पंखाशिवायची. वर्षभरानं तिथेच रिंट जिंकला ती ४९सी, मागे लोटसच्या पुढच्या मॉडेलचा, ७२ चा, तीन पट्ट्यांचा पंख लावलेली.

संदर्भाला त्या शर्यतीच्या दिवशीचेच फोटो घ्या, सरावाचेसुद्धा नकोत. संग्रहालयातल्या दुरुस्त केलेल्या गाड्यांवर तर मी मापापुरताच विश्वास ठेवतो, कारण जुन्या ४९ पुढे बी करून वापरल्या गेल्या आणि आज दिसतं ते बऱ्याचदा दोन-तीन हंगामांचं मिश्रण असतं.

तुमच्या तीन गाड्यांसाठी मी झांडफोर्ट १९६७ ची क्लार्कची ५ नंबरची, मोनाको १९६८ आणि मोनाको १९७० निवडेन. मधली लाल-पांढरी नको असेल तर रॉब वॉकरच्या संघाची गडद निळी, नाकावर पांढरा पट्टा असलेली ४९बी घ्या; ड्रायव्हर जो सिफर्टनं १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला जिंकलेली. पण तिला उंच पंख लागेल, तेव्हा पितळी नळी आधी आणून ठेवा.