अंबाझरी फुटेल का, हे नंतर. आधी भिंती बघा

भाऊ, नागपुरात अंबाझरी तलावाखालच्या अंबाझरी ले-आऊटमध्ये नाग नदीला लागून तळमजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय, पण 'पानशेतसारखं धरण फुटलं तर?' असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे इथे पूर आला, पण अंबाझरीचं धरण फुटलं नव्हतं. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, भरलेला तलाव सांडव्यावरून (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून) वाहिला आणि ते पाणी नाग नदीत मावलं नाही. पार सीताबर्डीपर्यंत दाणादाण उडाली. पानशेतची गोष्ट वेगळी. तिथे १२ जुलै १९६१ ला काम पुरतं झालेलं नसतानाच भरलेलं धरण फुटलं आणि खाली खडकवासलाही गेलं.

तरी भीती अगदीच खोटी नाही. अंबाझरीचा बांध १८७० चा, मातीचा. अशा बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की ते मागच्या उताराची माती खरवडत नेतं, मग बांध थांबत नाही. १९७९ साली गुजरातेत मच्छू-२ चं तेच झालं: मधला पक्का सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले, मोरबी बुडालं. तेव्हा सगळा जीव सांडव्यात आणि त्यापुढच्या मोकळ्या वाटेत. कोकणात २०१९ साली तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं होतं. आपल्याकडे खेकड्यांचीही गरज पडली नाही, सांडव्याच्या तोंडासमोरच, पाण्याच्या वाटेत, स्वामी विवेकानंदांचं स्मारक होतं! ते प्रकरण मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं.

आता फ्लॅटचं. नवीन रंगावर जाऊ नका. कपाटामागे, जिन्याखाली बघा. गाळाची पिवळट रेघ तिथे सहसा राहून जाते. प्लगचे बोर्ड छातीच्या उंचीवर दिसले तर समजून घ्या, पुरानंतर वायरिंग वर घेतलंय. मालक 'आमच्याकडे नाही आलं हो पाणी' म्हणेलच. त्याला पंचनाम्याची प्रत मागा. सरकारनं घरटी १०,००० रुपये जाहीर केले होते. ते घेतले असतील तर पाणी आलंच होतं ना बावा! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही विचारा, त्याला काही विकायचं नाही.

पहिला मजला मिळाला तर मी म्हणेन, घ्या. तळमजला घ्यायचाच असेल तर मीटर आणि इन्व्हर्टर वर हलवायचा खर्च किमतीतून कापून घ्या, आणि घराच्या विम्यात पूर येतो का, ते सही करण्याआधी वाचा.