दहा सामन्यांत निकाल लावू नका

अहो, बेसबॉलमध्ये आपला संघ सुरुवातीचे दहा सामने हरला म्हणून लगेच हंगाम संपला म्हणता, एवढं काय! अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा आहे, आयपीएलचं गणित इथे चालत नाही. मी बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा चाहता. २०२१ मध्ये आम्ही ११० हरलो, २०२३ मध्ये १०१ जिंकलो. मधली खरी गंमत मायनर लीगमध्ये, म्हणजे तरुण खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्तरावरच्या संघांत, शिजत होती. आमचा ॲडली रचमन २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायची वार्षिक प्रक्रिया) पहिला निवडला गेला, पण मुख्य संघात उतरला मे २०२२ मध्ये. म्हणून ओरिओल्सच्या नॉरफोकमधल्या ट्रिपल-ए (मायनर लीगचा सर्वात वरचा स्तर) संघाचे बॉक्स स्कोअरही, म्हणजे सामन्यांचे धावफलकही, चाळत जा. पोराची नुसती सरासरी बघू नका. वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा पहिला बेस) किती घेतो, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) किती होतो ते पाहा. वाईट चेंडू सोडता येणं हीही फलंदाजीच. आणि तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास लागतात. रोज उठायच्या फंदात पडू नका, चहासोबत हायलाइट्स पुरतात.