याकुशिमा बेटावर शतकानुशतकं तोड होऊनही हजार वर्षांचे सुगी (जपानी सीडर) वृक्ष कसे उरले?

वाकडे होते म्हणून.

जपानच्या क्यूशूच्या दक्षिणेला असलेलं हे बेट म्हणजे ग्रॅनाइटचा डोंगरच, शिखर १,९३६ मीटर. माती पातळ आणि निकस, पाऊस मात्र अफाट. म्हणून सुगी फार हळू वाढतो. खोडाची वलयं एकमेकांना चिकटलेली, लाकडात राळ ठासून भरलेली, त्यामुळे ते सहजी कुजत नाही. इथे हजार वर्षांवरच्या झाडालाच ‘याकुसुगी’ म्हणतात. त्याहून लहान तो ‘कोसुगी’.

एदो काळात (१६०३–१८६८) बेटावर सत्ता असलेल्या सात्सुमा सरदारांना इथला कर छपराच्या फळ्यांच्या रूपात भरला जाई. फळी सरळ चिरायला सरळ धाग्याचं लाकूड लागतं. पिळदार, गाठाळ, पोकळ खोडं लाकूडतोड्यांनी सोडून दिली. १९६६ मध्ये प्रकाशात आलेला, १६.४ मीटर घेराचा ‘जोमोन सुगी’ हा वृक्ष असाच गाठाळ आहे. तोडलेल्यांचे बुंधेही अजून उभे आहेत, शेवाळाने मढलेले, आणि त्यांच्यावर नवे सुगी रुजलेत. हे दृश्य जरूर थांबून बघा.

जोमोन सुगीपर्यंत जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटर, १० तास. बराचसा रस्ता जुन्या लाकूड-रेल्वेच्या रुळांवरून. पहाटेच निघा, उशीर झाला की परतताना जंगलात अंधार गाठतो. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून झाड मचाणावरूनच बघायचं.