युरोपातल्या आल्प्स पर्वताभोवती तळ्यांकाठी प्राचीन लोक खांबांवर घरं बांधत. तिथे रोवलेले लाकडी खांब 5000 वर्षं कुजले कसे नाहीत? आणि मऊ गाळात घरं खचत कशी नव्हती?

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला हवा लागते. आल्प्सभोवतालच्या तळ्यांचा गाळ कायम पाण्याखाली, प्राणवायूविना. म्हणून गाळातलं बूड टिकलं, वरचं घर कधीच गेलं. असा खांब बाहेर काढून नुसता वाळवला तर आक्रसून तडकतो. म्हणून तो ओलाच ठेवतात, पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ त्यात मुरवतात आणि गोठवून सुकवतात.

खचण्याचा इलाज मात्र खरा डोकेबाज. खांबाचं टोक कुऱ्हाडीने तासायचं आणि तो डोलवत, पिळत गाळात उतरवायचा. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकला गाळ फारच मऊ, म्हणून कांस्ययुगात खांबाला चक्क चप्पल घातली: भोक पाडलेली जाड फळी, खांब त्यातून खाली, भार फळीवर पसरलेला. इटलीत फियावेला तर तळाशी आडव्या ओंडक्यांची जाळीच केली होती.

सगळी घरं पाण्यावरच होती, ही 1854 मधली स्विस पुरातत्त्वज्ञ फर्डिनांड केलर यांची कल्पना. प्रत्यक्षात बरीचशी दलदलीच्या काठावर होती. पाणी चढलं की खालून जायचं, एवढंच. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2011 पासून सहा देशांतली अशी 111 ठिकाणं आहेत.