गोव्यात पोचतो त्याच रात्रीचं जेवणाचं टेबल आधी बुक करावं का? (मांडवी एक्सप्रेसने मडगाव, मुक्काम पाळोळे)

माझं मत विचाराल तर नको. मांडवी मडगावला संध्याकाळी पोचते, पण कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एखाद्या क्रॉसिंगला आपली गाडी थांबली की तास कुठे गेला कळत नाही. पावसाळी वेळापत्रकात तर प्रवासच लांबतो. पुढे मडगावहून पाळोळे सुमारे 40 किलोमीटर, त्यात करमल घाटाची वळणं, तीही अंधारात.

आम्ही एकदा आठचं टेबल धरलं होतं. साडेनऊला पोचलो तेव्हा ते दुसऱ्यांना दिलेलं. दुसरीकडे बसलो, तर सोलकढी येईपर्यंत धाकटी माझ्या मांडीवर गाढ झोपलेली, केसांत अजून गाडीची धूळ. फार वाईट वाटलं. त्या रात्री लेकरांना गरम भात आणि अंथरूण हवं असतं, दुसरं काही नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी आधीच फोन करून स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असतं ते विचारा, आणि हुमण (माशांचं कालवण) नि भात राखून ठेवायला सांगा. आवडीच्या हॉटेलातलं टेबल दुसऱ्या रात्रीचं घ्या. नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत मात्र ते निघण्याआधीच घ्या.