मुखपृष्ठाचं चित्र प्रदर्शनात विकता येईल का?

प्रश्न : एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी जलरंगात चित्र करतोय. डिसेंबरात मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन आहे. तेच चित्र तिथे लावून विकलं तर चालेल? – एक चित्रकार, कोल्हापूर

उत्तर : चालेल, पण आधी लेखी ठरवून घ्या. चित्रकारांचे व्यवहार मी सांभाळते. नेमका इथेच घोळ होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइट चित्र करवून घेणाऱ्याकडे जातो! मला हे फार खटकतं, पण कायदा असा आहे. म्हणून संपादकांना चार ओळी लिहा : ‘मूळ चित्र आणि कॉपीराइट माझ्याकडे, तुम्हाला यंदाच्या मुखपृष्ठावर एकदा छापण्याची परवानगी.’ खाली दोघांच्या सह्या हव्यातच.

मूळ चित्र छापखान्यात पाठवू नका हो. फ्रेम करण्याआधी स्कॅन करा, काच बसली की चकाकी येते. अंकाच्या नावासाठी वर जागा मोकळी सोडा आणि रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागून घ्या. छपाईत झगझगीत निळा हमखास मळतो.